‘सोया आहे का?’ एवढं विचारून भागत नाही

मा. संपादक,

महोदय,

सोयाबीन सोसत नाही अशा लोकांसाठी ‘हे खाऊ नका’ म्हणून मोबाइलवर ज्या याद्या फिरतात, त्यांतल्या बऱ्याच परदेशी याद्यांवरून जशाच्या तशा उचललेल्या असतात. मिसो, टेम्पे, एडामामे ही परदेशी सोया-पदार्थांची नावं त्यांत ठळक असतात. मिसळीबरोबर येणारा स्लाइस ब्रेड, मल्टिग्रेन आटा, एगलेस केक आणि गल्लीतली गिरणी मात्र त्यांत सापडत नाही. कोल्हापुरात टेम्पे खाऊन कोणाला त्रास होण्याचा संभव किती, हे वाचकांनीच ठरवावं. आपल्याकडचं सोया दुसऱ्याच वाटांनी पोटात जातं. त्या वाटा नीट माहीत नसल्या की दोन्हीकडून नुकसान होतं. ज्याला खरा धोका आहे तो बेसावध राहतो आणि ज्याला नाही तो निम्मा आहार उगाच बंद करून बसतो.

म्हणून आधी त्रास कोणता ते वेगळं करायला हवं. खऱ्या ॲलर्जीत शरीर सोयाबीनमधल्या प्रथिनांवर उलटतं. खाल्ल्यापासून काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत, अंगावर पित्ताच्या गांधी उठतात, ओठ-पापण्या सुजतात, उलटी होते, धाप लागते. आवाज घोगरा झाला, श्वास अडकू लागला किंवा माणूस गळून खाली बसला तर पित्ताची गोळी देऊन वाट बघत बसू नये. अशा वेळी उपयोगी पडतं ते मांडीच्या स्नायूत दिलेलं ॲड्रेनालिनचं इंजेक्शन. १०८ ला फोन करायचा आणि जवळचं रुग्णालय गाठायचं. तान्ह्या बाळांत आणखी एक प्रकार दिसतो: खाल्ल्यावर एक ते चार तासांनी पुन्हापुन्हा उलट्या होतात, बाळ निस्तेज पडतं, अंगावर काहीच उठत नाही आणि नेहमीच्या ॲलर्जी चाचण्याही निर्दोष येतात. गाईचं दूध सोसत नाही म्हणून परस्पर सोयाची पावडर सुरू करणाऱ्या पालकांनी हे लक्षात ठेवावं. दूध न सोसणाऱ्या काही बाळांना सोयाही सोसत नाही.

पोट फुगणं, गुडगुडणं, वात धरणं हा वेगळा मामला आहे. सोयाबीनमध्ये रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात. त्या आपल्या लहान आतड्यात पचत नाहीत, पुढे मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात आणि वायू होतो. हरभरा, राजमा, वाटाणा यांनी होतो तोच हा प्रकार. तेलात या साखरा राहत नाहीत आणि लेसिथिनमधून (तेल-पाणी एकजीव ठेवणारा घटक, पाकिटावर क्रमांक ३२२) पोटात जातात त्या नगण्य. तेव्हा ज्याचा त्रास फक्त पोट फुगण्याचा आहे, त्याने बिस्किटाच्या पाकिटावर ३२२ दिसलं की ते खाली ठेवायचं कारण नाही.

तिसरा प्रकार आपल्या घराघरांतला आहे. ‘प्रोटीन वाढतं’ म्हणून गव्हात किलोमागे ५०-१०० ग्रॅम कच्चं सोयाबीन टाकून दळून आणायची पद्धत रुळली आहे. कच्च्या सोयाबीनमध्ये पचनातल्या ट्रिप्सिनला अडवणारे घटक असतात. ते ओल्या उष्णतेने, म्हणजे उकळण्याने किंवा वाफवण्याने निकामी होतात. चपाती तव्यावर मिनिटभर असते, तेवढ्यात ते पुरते जात नाहीत. ज्यांना अशा चपातीने जड वाटतं किंवा ढाळ लागते, त्यांनी ॲलर्जीचा शिक्का मारून घेण्याआधी सोयाबीन उकळत्या पाण्यात २५-३० मिनिटं ठेवून, निथळून, कडक उन्हात वाळवून मग दळून बघावं. अर्थात अंगावर काही उठत असेल किंवा श्वासाला त्रास होत असेल, तर हा प्रयोग घरी करायचा नाही.

चाचण्यांबद्दल थोडं. रक्तातल्या आयजीजी प्रतिद्रव्यांवरून शंभर-दोनशे पदार्थांची ‘फूड इन्टॉलरन्स’ यादी देणारी महागडी पॅकेजेस निदानासाठी उपयोगाची नाहीत. आपण जे खातो त्याची ही प्रतिद्रव्यं शरीरात तशीही तयार होतात. त्वचेवर टोचून केलेली प्रिक टेस्ट किंवा रक्तातली विशिष्ट आयजीई (ॲलर्जीशी संबंधित प्रतिद्रव्यं) उपयोगी आहे, पण ती सकारात्मक आली म्हणजे ॲलर्जी सिद्ध झाली असं नाही. खाल्ल्यावर काय होतं याच्याशी तिचा मेळ लागावा लागतो, आणि शंका उरलीच तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडं थोडं खाऊ घालून बघावं लागतं. शेंगदाणा आणि सोयाबीन एकाच कुळातले, म्हणून एकाबरोबर दुसरंही बंद करा, हा सल्लाही सरसकट देऊ नये. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या बहुतेकांना सोयाबीन चालतं. आणि कोल्हापूरच्या स्वयंपाकघरातून कूट आणि शेंगतेल काढून टाकल्यावर मागे काय उरतं?

आता पाकीटबंद मालाकडे वळू. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार आठ प्रकारचे ॲलर्जीकारक घटक ‘कंटेन्स’ असं लिहून वेगळे सांगावे लागतात आणि सोयाबीन त्यात आहे. घटकांची यादी वाचायच्या आधी ही ओळ शोधावी. बहुधा ती यादीच्या खाली असते. त्या ओळीत ‘सोय’ किंवा ‘सोया’ दिसलं की तिथेच थांबायचं. दिसलं नाही तरच वर यादीत जायचं. यादीत घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने असतात, त्यामुळे सोया बहुतेकदा शेपटाला सापडतं.

‘कंटेन्स’ची ओळ महत्त्वाची का, तर यादीला एक पळवाट आहे. एखादा घटक स्वतःच मिश्रण असेल (समजा, नूडल्सच्या मसाल्यातला सॉस) आणि एकूण मालात तो पाच टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर त्याच्या पोटातले घटक वेगळे लिहिण्याची सक्ती नाही. त्यातली काम करणारी ॲडिटिव्ह तेवढी लिहावी लागतात. म्हणजे यादीत नुसतं ‘सिझनिंग’ दिसेल आणि त्यात सोय सॉसची पावडर असेल. ॲलर्जीच्या ओळीला मात्र ही सूट नाही.

तिथेच ‘मे कंटेन’ अशी आणखी एक ओळ असते. त्याच यंत्रावर, त्याच शेडमध्ये दुसरा माल बनताना सोया मिसळू शकतं, याची ती सूचना. पण नियमातली भाषा ‘जाहीर करता येईल’ अशी आहे, सक्तीची नाही. एका कंपनीने ती छापली आणि दुसरीने छापली नाही, एवढ्यावरून दुसरीचा कारखाना जास्त स्वच्छ ठरत नाही. तीव्र ॲलर्जी असेल तर कंपनीला ईमेल करून ‘याच लाइनवर सोया चालतं का?’ असं थेट विचारावं आणि उत्तर जपून ठेवावं.

यादीत डोळे कुठे थबकायला हवेत? सोय फ्लोअर, सोय प्रोटीन कॉन्सन्ट्रेट, सोय प्रोटीन आयसोलेट ही तर उघड नावं. तेल काढलेल्या सोयाच्या पिठात निम्मं प्रथिन असतं, आयसोलेटमध्ये ९० टक्क्यांच्या आसपास. ॲलर्जीवाल्याला चमचाभर आयसोलेट फार महाग पडू शकतं. जिममधल्या पावडरी, ‘हाय प्रोटीन’ बिस्किटं, माल्टची पेयं या ठिकाणी हे हमखास तपासावं. ‘टेक्सचर्ड व्हेजिटेबल प्रोटीन’ म्हणजे बहुतेक वेळा आपली सोयावडीच. ‘हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन’ मात्र सोयाचं असेल, मक्याचं असेल, नाहीतर शेंगदाण्याचं. तेव्हा पुन्हा ‘कंटेन्स’ची ओळ बघायची. ३२२ म्हणजे लेसिथिन. ते सोयाबीनचं असतं तसं सूर्यफुलाचंही असतं. सोया लेसिथिनमध्ये प्रथिन किंचितच उरतं आणि सोया ॲलर्जी असलेल्या अनेकांना ते चालून जातं, पण आपल्याला चालतं की नाही हे डॉक्टरांशी बोलून एकदाच ठरवावं. दर पाकिटाला नव्याने डोकेफोड नको. ४२६ हा सोयाबीनच्या हेमिसेल्युलोजचा क्रमांक, क्वचित दिसतो. ४७१ हे मिश्रण एकजीव ठेवणारं ॲडिटिव्ह कुठल्याही तेलापासून करतात. ती चरबी असते, तिच्यात प्रथिनाचा प्रश्न सहसा येत नाही.

आणि ६२१? अजिनोमोटोचा सोयाशी संबंध नाही. ते उसाच्या मळीपासून किंवा मका-टॅपिओकाच्या स्टार्चपासून आंबवून करतात. मळीचं नाव काढल्यावर कोल्हापूरकरांना वेगळं काही समजावायला नको. फिरत्या याद्यांत ६२१ लाल अक्षरांत असतं आणि त्याच पाकिटातल्या सोय सॉसच्या पावडरीचा पत्ता नसतो.

तेलाचा गोंधळ मोठा आहे. नियमानुसार तेलं ॲलर्जीच्या ओळीतून वगळलेली आहेत. म्हणून चिवड्याच्या पाकिटावर घटकांत सोयाबीन तेल असतं आणि ‘कंटेन्स’मध्ये सोया नसतं, हे चूक नाही. पूर्ण रिफाइन केलेल्या तेलात प्रथिन जवळपास राहत नाही, त्यामुळे बहुतेक ॲलर्जीवाल्यांना ते चालतं. नुसतं दाबून काढलेलं, रिफाइन न केलेलं सोयाबीन तेल मात्र त्यांनी घेऊ नये. हॉटेलच्या कढईतला प्रश्न तर तेलाच्या नावाशी संबंधितच नाही. ज्या तेलात सकाळपासून मंचुरियनचे गोळे आणि सोया चाप तळले गेले, त्यात त्यांचा चुरा आणि प्रथिन उतरलेलं असतं. मग ते तेल शेंगदाण्याचं का असेना.

पाच-दहा रुपयांच्या छोट्या पाकिटांवर नुसतं डोळे फाडून वाचून उपयोग नाही, कारण तिथे वाचायलाच काही नसतं. ज्या पाकिटाचं एकूण क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटरपेक्षा जास्त नाही, त्याला घटकांची यादी छापण्यातून सूट आहे. सात बाय सात सेंटिमीटरच्या पाकिटाच्या दोन्ही बाजू धरल्या तरी ९८ चौ. सें.मी. भरतात. ती माहिती बाहेरच्या मोठ्या पॅकवर द्यायची असते. पण दुकानदार सकाळी तो खोका फोडतो, माळ दाराला टांगतो आणि खोका रद्दीत जातो. शाळेबाहेरची मुलं जे खातात ते नेमकं याच माळेतलं. किराणा दुकानदारांनी अशा प्रत्येक मालाच्या खोक्याची घटकांची बाजू कापून गल्ल्याजवळ ठेवली तर खर्च शून्य आहे. भाषेचंही तेच. लेबल इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवं एवढीच सक्ती आहे, मराठी ऐच्छिक. निदान ‘सोयाबीन आहे’ हे दोन शब्द मराठीत छापायला जागा नाही, हे पटण्यासारखं नाही.

आता सुटा माल, जिथे लेबलच नाही. मिसळीचंच घ्या. सोया टाळणारा माणूस उसळीत वडी आहे का ते चमच्याने ढवळून बघतो, कट कुठल्या तेलाचा ते विचारतो आणि शेजारच्या ब्रेडच्या चार स्लाइस निर्धास्त खातो. मटकीची उसळ, कांदा, शेव यांत सोया असण्याचं तसं कारण नाही. ब्रेडमध्ये आहे. बेकरीत मैद्याबरोबर ‘ब्रेड इम्प्रूव्हर’ नावाची पावडर घालतात आणि बऱ्याच इम्प्रूव्हरमध्ये न भाजलेलं सोयापीठ असतं. त्यातलं लिपॉक्सिजिनेज हे विकर मैद्याचा पिवळसरपणा घालवतं, त्यामुळे ब्रेड पांढराशुभ्र दिसतो. शिवाय ते पीठ पाणी धरून ठेवतं, त्यामुळे ब्रेड दोन दिवस मऊ राहतो. प्रमाण मैद्याच्या अर्धा-एक टक्का, म्हणजे ५० किलोच्या पोत्याला पाव ते अर्धा किलो. ओव्हनमध्ये विकर मरतं, प्रथिनांची ॲलर्जी करण्याची क्षमता पूर्ण जात नाही.

बेकरीवाल्याला ‘ब्रेडमध्ये सोया आहे का?’ विचारलं तर तो ‘नाही’ म्हणेल, आणि ते खोटं बोलणंही नसेल. त्याने सोया कधी आणलेलंच नसतं. त्याने आणलेली असते इम्प्रूव्हरची पिशवी. म्हणून प्रश्न असा विचारावा: ‘इम्प्रूव्हर कुठला वापरता? पिशवी दाखवता का?’ पिशवीचा फोटो घ्यावा आणि ब्रँड बदलला की पुन्हा विचारावं. केकच्या बाबतीत प्रिमिक्सची (केकच्या तयार कोरड्या मिश्रणाची) पिशवी मागावी. एगलेस केकमध्ये अंड्याचं काम कोणीतरी करावं लागतंच, आणि ते अनेकदा सोयापीठ किंवा सोया लेसिथिन करतं. खारी, नानकटाईत मार्जरिन असेल तर त्याच्या डब्यावर ३२२ आणि तेलाचं नाव बघावं. चॉकलेटच्या नावाखाली केकवर ओततात ते बहुधा कम्पाउंड (कोको बटरऐवजी दुसरी वनस्पती-चरबी घातलेलं) असतं, त्यातही सहसा ३२२ असतं.

रंकाळ्यावरच्या किंवा राजारामपुरीतल्या चायनीजच्या गाडीबद्दल लांबण लावत नाही. सोय सॉस नसलेली डिश तिथे मागितली तरी कढई, झारा आणि तेल तेच असतं. तीव्र ॲलर्जीवाल्यांनी तिथे जाऊ नये. सोय सॉस बहुधा गहू घालून आंबवतात, तेव्हा ग्लुटेन टाळणाऱ्यांनीही सावध राहावं. खानावळीत तांबडा-पांढरा, सुकं मटण आणि ज्वारीची भाकरी हे त्या मानाने बरं: रश्श्यात नारळ, तीळ, खसखस, काजू, सोया नाही. खिमा मात्र विचारून घ्यावा, कारण भिजवून वाटलेली सोयावडी त्यात सहज खपून जाते. तयार फ्रोजन कबाब, नगेट्स, सॉसेज यांत मांस बांधून ठेवायला आणि पाणी धरायला सोया प्रथिन घालतात. लग्नाच्या पंगतीतल्या व्हेज बिर्याणीत वडी डोळ्यांना दिसते, पण कोफ्त्यातला चुरा दिसत नाही. आचाऱ्याला आदल्या दिवशी फोन करावा. पंगत बसल्यावर वाढप्याला विचारून काही कळत नाही. मसाल्याचं म्हणाल तर डंकावर स्वतः उभं राहून कुटून आणलेल्या कांदा-लसूण चटणीत भीती नाही.

गिरणीचं गणित मात्र मांडून दाखवायला हवं. समजा, आपल्या आधीच्या माणसाने दहा किलोच्या दळणात एक किलो सोयाबीन घातलं होतं. जात्यात, पाळीत आणि तोंडाच्या कापडी पिशवीत मिळून त्याचं पाव किलो पीठ मागे राहिलं. त्यात २५ ग्रॅम सोया, म्हणजे साधारण साडेनऊ ग्रॅम प्रथिन. आपण पाच किलो गहू दळला आणि पीठ नीट मिसळलं, तर तीस ग्रॅम पिठाच्या एका चपातीत ५० मिलिग्रॅमच्या आसपास सोया प्रथिन आलं. न मिसळता वरवरचं पीठ घेतलं तर त्याहून कितीतरी जास्त, कारण सगळं मागचं पीठ पहिल्या किलोभरातच बाहेर पडतं. अतिसंवेदनशील माणसाला एवढं पुरतं. उपाय असा: दळण सकाळी गिरणी उघडताना पहिलं लावावं, आधी कापडी पिशवी उलटी करून झटकायला सांगावी, किलोभर गहू दळून तो बाजूला काढावा (जनावराला घालता येतो) आणि मग आपलं दळण टाकावं. बेसन आणि थालीपिठाच्या भाजणीलाही हेच. घरघंटी असेल तर त्यात सोयाबीन कधीच दळू नये. ब्रशने कितीही झाडली तरी जाळीच्या कडेला पीठ राहतं. आयत्या मल्टिग्रेन आट्यात गहू, हरभरा, मका, ओट यांच्या जोडीला सोया असतंच, असं धरून चालावं.

औषधांचा विचार कोणी करत नाही. काही मऊ कॅप्सूलमध्ये सोयाबीन तेल असतं. भुलीसाठी वापरतात ते प्रोपोफोल सोयाबीन तेलाच्या इमल्शनमध्ये असतं. ॲलर्जी असली तरी बहुतेकांना ते चालतं, पण निर्णय भूलतज्ज्ञाचा आहे, म्हणून त्यांना शस्त्रक्रियेआधी सांगावंच. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांना ॲलर्जी नसली तरी एक सूचना: सोयाबीनमुळे ती गोळी कमी शोषली जाते, म्हणून गोळी आणि सोयाचे पदार्थ यांत चारेक तासांचं अंतर असावं.

शालेय पोषण आहारासाठी राज्याने २०२४ मध्ये ठरवलेल्या पाककृतींत सोयाबीन पुलावही होता. प्रथिनांच्या दृष्टीने तो चांगलाच आहे, त्याला विरोध करायचं कारण नाही. पण ज्या मुलाला सोया सोसत नाही त्याचं नाव आणि लक्षणं स्वयंपाक करणाऱ्या ताईंपर्यंत पोहोचली आहेत का, आणि त्या दिवशी त्याच्यासाठी साधा भात वेगळ्या भांड्यात, वेगळ्या डावाने काढला जातो का, हे मुख्याध्यापकांनी बघावं. सोया उचलून टाकलेला पुलाव चालत नाही. वडीचा अर्क भातात उतरलेला असतो.

दहा किंवा त्याहून जास्त शाखा असलेल्या हॉटेलांना ॲलर्जीची माहिती देणं बंधनकारक आहे. आपल्याकडच्या बहुतेक खानावळी, बेकऱ्या त्यात बसत नाहीत. त्यांच्यावर नवा कायदा लादावा असं म्हणणं नाही. इम्प्रूव्हर, प्रिमिक्स, मार्जरिन, सॉस यांच्या पिशव्यांवरची लेबलं एका वहीत चिकटवून ती वही गल्ल्यावर ठेवा, एवढंच मागणं आहे. व्यापारी संघटनांनी मनावर घेतलं तर आठवड्याचं काम आहे.

पाकिटावर सोया लपवलेलं आढळलं, तर तो ‘मिसब्रँडेड’ माल ठरतो आणि अन्नसुरक्षा कायदा, २००६ च्या कलम ५२ खाली तीन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रार ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ ॲपवर, प्राधिकरणाच्या १८००-११२-१०० वर किंवा राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ वर करता येते. नुसतं ‘त्रास झाला’ सांगून ती पुढे सरकत नाही. पाकिटाच्या सगळ्या बाजूंचे फोटो, बॅच नंबर, १४ अंकी परवाना क्रमांक आणि बिल लागतं. उरलेला माल फेकू नये. पाकिटासकट घट्ट बांधून फ्रीजरमध्ये ठेवावा आणि त्याच बॅचचं एक न फोडलेलं पाकीट त्याच दुकानातून बिलासह घेऊन ठेवावं.

आपला,
एक आहारतज्ज्ञ, कोल्हापूर